तळहातावरचा शक्तिमान

भांडुप स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून थोडें चालून गेलें कीं लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. जुन्या मंडळींच्या तोंडीं तो अद्यापि आग्रा रोडच आहे. ह्या गांवाचा आणि दळणवळणाचा संबंध तसा जुना. १८४३ सालीं मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे भांडुपास आले असतां ठाणें-कल्याणकडे व पुढें घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांस प्रथम सुचली, असें रेल्वेचा इतिहास सांगतो. आणि दहा वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी ह्याच गांवावरून गेली. अशा गांवांत गॅलरींत बसून रस्ता न्याहाळणाऱ्या आमच्या भाच्यास चाकांचें वेड लागलें ह्यांत नवल तें काय? नवल एवढेंच, कीं तें वेड आगगाडीचें नव्हे, सुंदर मोटारींचें नव्हे, तर अवजड मालट्रकांचें, आणि त्यांतहि लष्करी ट्रकांचें.

चिरंजीव बारावीच्या वर्गांत. अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकांपेक्षां कानशी, चिमटे आणि प्लॅस्टिकचे तुकडेच अधिक दिसूं लागले, तेव्हां आमच्या मेहुण्यांचा धीर सुटला. "तुम्ही त्याचे मामा, तुमचें तो ऐकेल. दोन शब्द सांगून पाहा," असा निरोप आला. आम्हीहि वडीलकीचा चेहरा धारण करून गेलों. तासाभरानें भगिनी चहा घेऊन आंत आली, तेव्हां आम्ही एका हातांत पॉलिश पेपर व दुसऱ्या हातांत करंगळीएवढा पेट्रोलचा डबा घेऊन त्याच्या कडा घांसत बसलों होतों. मेहुण्यांनीं तो देखावा दारांतूनच पाहिला व कांहीं न बोलतां ते परत फिरले.

आपल्याकडे ह्या कलेस लहान मुलांचा खेळ समजण्याची चाल आहे. वस्तुतः तिचा आरंभ बाजारपेठेंत झाला. इंग्लंडांतील एअरफिक्स कंपनीनें १९४९ सालीं जें पहिलें मॉडेल काढलें, तें विमानाचें किंवा रणगाड्याचें नव्हतें. तो फर्ग्युसन कंपनीचा शेतीचा ट्रॅक्टर होता, व कंपनीच्या विक्रेत्यांनीं गिऱ्हाइकांस दाखवावा म्हणून तो बनविला होता. जपानांतील शिझुओका येथील तामिया ही मूळची लांकडाच्या धंद्यांतील पेढी. युद्धोत्तर काळांत तिनें लांकडी मॉडेलें केलीं, आणि १९६० नंतर ती प्लॅस्टिककडे वळली. तिच्या पहिल्या पँथर रणगाड्याच्या पोटांत विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसावयाच्या होत्या. त्या जेवढ्या आकारांत बसल्या त्याचें प्रमाण मोजतां पस्तिसास एक असें निघालें. पुढें साऱ्या जगानें लष्करी वाहनांसाठीं हेंच प्रमाण उचललें. फुटास अर्धा इंच म्हणजे चोविसास एक, पाव इंच म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, ह्या प्रमाणांना हिशेबाचा आधार आहे. पस्तिसास एक ह्याला मात्र आधार आहे तो बॅटरीच्या लांबीरुंदीचा!

आज जपान, इटाली, युक्रेन, चीन येथील कारखाने ह्या प्रमाणांत ट्रकांच्या पेट्या काढतात. अमेरिकेची जीएमसी, जर्मनीची ओपेल ब्लिट्झ, रशियाची उरल, सर्व मिळतात. ह्यांतील अडीच टनी जीएमसी दुसऱ्या महायुद्धांत पांच लाखांहून अधिक बांधल्या गेल्या, आणि एकट्या कानडाने सर्व प्रकारचीं मिळून आठ लाखांवर लष्करी वाहनें तयार केलीं. आजचें उल्हासनगर त्या वेळीं कल्याणची लष्करी छावणी होतें. युद्ध संपल्यावर असल्या लॉऱ्या लिलांवांत निघून मालवाहतुकीस लागल्या व वर्षानुवर्षें राबल्या.

भाच्याला मात्र हवा होता शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीशीं करार होऊन १९५९ सालीं, व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असतांना, जबलपुरास ह्या ट्रकाची बांधणी सुरू झाली. १९६९ सालीं तेथें व्हेइकल फॅक्टरी स्वतंत्रपणें उभी राहिली. पुढें अशोक लेलँडचा स्टॅलियन येऊन शक्तिमान मागें पडला; पण मधल्या कित्येक वर्षांत दाणा, गोळा, रजया, रॉकेल आणि माणसें डोंगरांत वर नेलीं तीं ह्या लांब नाकाच्या गाडीनें. ज्या पंतप्रधानांच्या कारकीर्दींत १९६५ चें युद्ध झालें त्यांचेंच नांव आमच्या ह्या रस्त्यास आहे. असें असूनहि कोणत्या दुकानीं शक्तिमानची पेटी आमच्या तरी दृष्टीस पडली नाहीं. शत्रूच्या पँथरचा प्रत्येक खिळा पेटींत मिळावा आणि आपल्या जवानांस शिधा पोंचविणारी गाडी मिळूं नये, ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. भाच्यास वाटलें नाहीं. "मग आपण करूं," एवढेंच तो म्हणाला.

करावयाचें म्हणजे आधीं मापें हवींत. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे त्यास एक जुनें, गंजलेलें चाक सांपडलें, तें त्यानें सुतानें मोजून घेतलें. मग अगदी बाजूनें आणि दुरून घेतलेलीं छायाचित्रें त्यानें गोळा केलीं. जवळून घेतलेल्या चित्रांत पुढचें चाक मोठें व मागचें लहान दिसतें आणि सारा हिशेब चुकतो. चित्रांत चाकाचा व्यास किती व बॉनेट त्याच्या किती पट, हौदा किती पट, असें एकेक प्रमाण तो काढीत गेला. त्रैराशिकाचा असा उपयोग पाहून आम्हांस आमच्या गणिताच्या मास्तरांची आठवण झाली.

पस्तिसास एक म्हणजे सहा मीटर लांबीचा ट्रक सुमारें सतरा सेंटिमीटर. एक मीटर व्यासाचें चाक साडेअठ्ठावीस मिलिमीटर. येथवर सोपें आहे. पण दीड मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ह्याच प्रमाणांत उतरविला तर त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारें तेविसावा भाग भरते; साधा कागदहि त्याहून जाड असतो. म्हणजे मडगार्ड किंवा फाळका खऱ्या प्रमाणांत करणें हातास शक्य नाहीं. त्यावर कारागीर युक्ति करतो: पत्रा जाडच ठेवतो आणि डोळ्यास दिसणारी कड तेवढी आंतून घांसून पातळ करतो. डोळा कड पाहतो आणि जाडीचा निर्णय देऊन मोकळा होतो. रंगाचेंहि तसेंच. लष्करी हिरवा रंग खऱ्या डब्यांतला घेऊन लावला तर एवढ्याशा वस्तूवर तो काळवंडलेला दिसतो. त्यांत थोडा पांढरा किंवा पिवळा घालून तो फिका करावा लागतो. नंबरपट्टीवर वर टोंक केलेला बाण व त्यापुढें गाडी ज्या सालीं घेतली त्याचे दोन आंकडे असतात. ते काढण्यास भाच्यानें भगिनीच्या शिवणाच्या डब्यांतील सर्वांत बारीक सुई वापरली. ती सुई परत गेली नाहीं, ही तक्रार अजून निकालांत निघावयाची आहे.

तीन महिन्यांनीं ट्रक उभा राहिला. हौद्यांत शाडूचीं पोतीं रचलीं होतीं, वर चहाच्या गाळण्याच्या कापडाची ताडपत्री. आम्हांस तो निर्दोष वाटला. त्याच इमारतींत खालच्या मजल्यावर सातारा जिल्ह्यांतील एक निवृत्त सुभेदार राहतात. सर्व्हिस कोअरमध्यें त्यांनीं चोवीस वर्षें गाड्या हांकल्या व हांकविल्या. त्यांस मुद्दाम बोलावून आणलें. त्यांनीं चष्मा पुसला, मॉडेल डोळ्यांच्या रेषेंत धरलें, फिरवलें, खालून पाहिलें.

"गाडी झ्याक हाय, बाळ," ते म्हणाले. "पन रिकामी हाय."

"आजोबा, पोतीं आहेत कीं आंत!"

"पोती हायत. वजन न्हाई."

आणि मग त्यांनीं बोटानें दाखविलें. भरलेल्या गाडीचे मागचे पाटे कमानीसारखे राहत नाहींत, सपाट होतात. हौदा मागें बसतो, नाक किंचित् वर येतें. टायर जमिनीपाशीं फुगतो. चढणीस लागलेली गाडी वेगळी बसते, उतरणीची वेगळी. रात्रींच्या अंधारांत पुढची गाडी भरलेली कीं रिकामी हें ते म्हणे तिच्या मागच्या दिव्याच्या उंचीवरून ओळखीत.

आम्हीं घरीं येऊन हिशेब केला. लांबी, रुंदी व उंची तिन्ही पस्तिसाव्या हिश्शाची झाली, कीं वजन पस्तिसाच्या घनानें, म्हणजे ४२,८७५ पटींनीं, कमी होतें. पांच टनांचें वाहन ह्या न्यायानें अवघें ११७ ग्रॅमचें होईल. आपल्या घरांतील दुधाच्या अर्ध्या पिशवीहूनहि तें हलकें. एवढ्या भारानें कोणते पाटे वांकणार? तेव्हां जें वजन मुळींच नाहीं तें दाखवावयाचें, ही ह्या कलेंतील खरी मेख आहे. भाच्यानें दुसऱ्या दिवशीं मागचा आंस तोडून काढला, प्रत्येक पाटा नव्यानें कापला, टायरांच्या तळाशीं कानस फिरवून ते किंचित् चपटे केले. तीन महिन्यांचें काम मोडतांना त्याच्या तोंडावर खेदाची रेषाहि नव्हती. चाचणी परीक्षेंत एक प्रश्न चुकला तर दोन दिवस न जेवणारा हाच मुलगा, हें पाहून मेहुणे त्या दिवशीं प्रथमच टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

टायरांनीं सर्वांत जास्त छळलें. ट्यूरिन शहरांत १९२४ सालीं जन्मलेल्या सिएट कंपनीची भारतीय शाखा १९५८ सालीं मुंबईंत निघाली व तिचा टायरांचा कारखाना ह्याच भांडुपांत उभा राहिला. म्हणजे टायरांच्या गांवीं राहून टायरांवांचून अडावें अशी स्थिति! एका टायरावरील नक्षी हातानें कोरावयाची, त्यावरून सिलिकोनचा सांचा काढावयाचा, आणि त्यांत रेझिन ओतून बाकीचीं चाकें पाडावयाचीं, असा क्रम आहे. पहिल्या ओतींत बुडबुडे राहिले, दुसरी चिकटली. चौथीस चाकें निघालीं.

परीक्षा झाल्यावर आम्ही सर्व पुण्यास गेलों असतां कोथरूडचें जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय पाहिलें. कै. भाऊ जोशी ह्यांनीं हौसेखातर जमविलेल्या व बांधलेल्या गाड्यांतून तें उभें राहिलें, आणि १ एप्रिल १९९८ पासून तें लोकांस खुलें झालें. तेथील प्रमाण सत्त्यायशीस एक. त्या जगांत आमचा शक्तिमान सात सेंटिमीटरांचाहि झाला नसता. सिग्नल पडावे, गाड्या थांबाव्या, पुन्हां निघाव्या, हा सारा संसार एका कुटुंबाच्या हौसेनें चाललेला पाहून मेहुण्यांनीं तेथील माणसास तासभर प्रश्न विचारले. सर्व प्रश्न विजेच्या जोडणीविषयीं होते.

आतां भाच्याच्या मनांत दुसरा ट्रक घोळतो आहे: आग्रा रोडवर धांवणारा, लांकडी केबिनचा साधा मालट्रक. आपल्याकडे बहुत वर्षें कारखान्यांतून चासी तेवढी येई आणि केबिन व हौदा गांवोगांवचे सुतार-लोहार बांधीत. म्हणून एकासारखा दुसरा नसे. हीं केबिनें आतां झपाट्यानें जात आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनांत वातानुकूलन सक्तीचें झालें आहे. चालकांच्या सुखाकडे पाहतां तें योग्यच झालें. मे महिन्यांत इंजिनाशेजारीं बसून नागपूर गांठणाऱ्यास विचारावें. तथापि त्या सुतारांचीं मापें कोणत्याहि वहींत लिहिलेलीं नाहींत, आणि जो तो ट्रक भंगारांत जातांना आपलें माप बरोबर घेऊन जातो. भाच्यानें रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तीन ट्रकांचीं केबिनें चालकांच्या परवानगीनें मोजून ठेवलीं आहेत. एका क्लीनरनें फितीचें दुसरें टोंक धरलें.

मागल्या रविवारीं सुभेदार पुन्हां आले. शक्तिमान त्यांनीं तळहातावर घेतला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ठोकळा कुठं हाय?" घाटांत गाडी उभी करून लांकडी ठोकळा चाकाखालीं घातल्यावांचून खालीं उतरावयाचें नाहीं, असा त्यांचा दंडक होता. एकदां एका पोरानें तो घातला नाहीं, इतकें सांगून ते थांबले, आणि पुढें आम्हीं विचारलें नाहीं.

भाच्यानें त्याच सायंकाळीं आगकाडीचा ठोकळा कापला. पाऊण सेंटिमीटरहि नव्हता. तो वाळत ठेवला असतां भगिनीनें पंखा लावला. हें लिहीत असतां मेहुणे बॅटरी घेऊन पलंगाखालीं शिरले आहेत, आणि दुसरा कापूं नका, हाच सांपडेल, असें आंतून ओरडून सांगत आहेत.