डायनरचा तवा आणि ग्लुटेन

१८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडी लावून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या डायनरची कुळकथा साधारणपणे इथूनच सांगितली जाते. त्या गाडीचं पुढे रेल्वेच्या डब्यासारखं लांबट उपाहारगृह झालं. लांब काउंटर, त्यापुढे गोल स्टुलं, पलीकडे एक मोठा सपाट लोखंडी तवा, आणि दिवसभर केव्हाही मिळणारी न्याहारी. पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, बिस्किट आणि त्यावरची दाट ग्रेव्ही, म्हणजे निम्मा मेनू गव्हाचाच. उरलेल्या निम्म्यात अंडी, बटाटा, बेकन आणि फळं असतात, ज्यांत गहू मुळातच नाही. म्हणून गहू वर्ज्य असलेल्या माणसाला इथे पोटभर खाता येईल असं वाटतं. ते खरंही आहे, पण एका अटीवर. पदार्थ कशाचा आहे यासोबत तो कुठे आणि कोणत्या उलथण्याने भाजला, हेही कळलं पाहिजे. डायनरमध्ये ‘ग्लुटेन-फ्री’ हा गुण मेनूतल्या ओळीपेक्षा आचाऱ्याच्या हाताच्या सवयीवर जास्त अवलंबून असतो.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. कणीक मळल्यावर तिला ताण येतो तो यांच्यामुळे. सिलिअ‍ॅक आजारात या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाबद्दल संशय आधीपासून होता. या आजाराची मुलं त्या टंचाईत सुधारली आणि पाव परतताच पुन्हा ढासळली, तेव्हा तो संशय बळावला. आज जगभरात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असल्याचं मानतात आणि आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच त्याचा उपचार आहे. किती टाळायचं? दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा करत नाही असं अभ्यासांवरून दिसतं. गव्हाच्या पावाच्या एका कापात मात्र दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे त्या कापाचा दोनशेवा हिस्सा, बोटाच्या चिमटीत मावेल इतका चुरा, दिवसाची मर्यादा गाठतो. पोट बिघडलं नाही म्हणून आतडं शाबूत आहे, असंही धरता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये नियम केला की ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असलं पाहिजे. हा नियम प्रामुख्याने पाकिटबंद मालासाठी आहे. उपाहारगृहांनी हा शब्द याच अर्थाने वापरावा अशी अपेक्षा आहे, पण ताटात वाढलेल्या ऑम्लेटची तपासणी कोण करणार? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ग्राहकांनी खिशातल्या छोट्या यंत्राने उपाहारगृहांतल्या ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थांच्या ५,६२४ चाचण्या केल्या. त्यातल्या ३२ टक्क्यांत ग्लुटेन सापडलं. न्याहारीच्या पदार्थांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होतं, रात्रीच्या जेवणात ३४. या आकड्यावर रास्त आक्षेप आहेत. लोक संशय आलेलाच घास तपासतात, आणि ते यंत्र २० मिलिग्रॅमच्या खालचंही ग्लुटेन पकडू शकतं. त्यामुळे तिसरा हिस्सा ताटं घातक होती असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पण मेनूवरचा शब्द पुरेसा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग गहू शिरतो कुठून? पहिली वाट तव्याची. सकाळच्या गर्दीत त्याच लोखंडावर पॅनकेकचं भिजवलेलं पीठ ओतलं जातं आणि हातभर अंतरावर अंडं फुटतं. ग्लुटेन हा काही जंतू नव्हे, तो तापवून मरत नाही. दुसरी वाट खुद्द कृतीतली. ऑम्लेट फुगावं म्हणून त्यात थोडं पॅनकेकचं पीठ घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि अंड्याच्या पदार्थाबद्दल गव्हाची शंका कुणाला येणार? सॉसेजमध्ये पावाचा चुरा असू शकतो. कुट्टू म्हणजे बकव्हीट हे धान्य ग्लुटेनमुक्त, पण ‘बकव्हीट पॅनकेक’च्या मिश्रणात बहुतेकदा मैदाही असतो. मक्याच्या कॉर्नफ्लेक्सला चव येते ती अनेकदा जवाच्या माल्टमुळे. ओट्स शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गव्हात मिसळतात. तिसरी वाट तळणीची. २०२१ च्या एका अभ्यासात गव्हाचे पदार्थ जिथे तळले जातात त्याच तेलातल्या फ्रेंच फ्राइजचे २० नमुने तपासले, तर ९ मध्ये ग्लुटेन मिळालं आणि त्यातले ५ मर्यादेबाहेर होते. याउलट, ज्या टोस्टरची धास्ती सगळ्यांत जास्त घेतली जाते, त्यात शेकलेल्या ग्लुटेन-फ्री पावात एका अमेरिकी प्रयोगात ते २० मिलिग्रॅमच्या मर्यादेतच राहिलं. प्रयोग लहान होता, त्यावरून टोस्टर निर्धोक ठरवता येत नाही. पण चुऱ्याला घाबरून ऑम्लेट निर्धास्त खाणारा माणूस उलट्या बाजूने सावध राहतो आहे, असं मला वाटतं.

म्हणूनच ‘ग्लुटेन-फ्री काय आहे?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: ऑम्लेटमध्ये पीठ घालता का? माझी अंडी वेगळ्या धुतलेल्या पॅनमध्ये कराल का? बटाटे तळणीतले की तव्यावरचे, आणि त्याच तेलात पाव घोळवलेलं चिकन तळता का? शाकाहारी मराठी माणसाला हा विचार नवा नाही. भजी मासे तळलेल्या तेलात तर तळली नाहीत ना, हे तो सहज विचारतो. डायनरची जुनी रचना इथे उपयोगी पडते. अनेक डायनरमध्ये काउंटरवर बसलं की तवा समोर दिसतो आणि उत्तराची खात्री डोळ्यांनी करता येते. हॉटेलच्या बंद स्वयंपाकघरात ही सोय नाही. शिवाय कवचासकट उकडलेलं अंडं, न सोललेलं केळं, साधी कॉफी हे तव्यापासून लांब राहणारे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतातच.

एक आक्षेप नेहमी येतो: आजार नसलेले अनेक जण केवळ फॅशन म्हणून ग्लुटेन सोडतात, मग कामाच्या घाईत आचाऱ्याने प्रत्येकासाठी पॅन का बदलावा? या तक्रारीत तथ्य आहे. आधी ग्लुटेन-फ्री पाव मागून नंतर शेजाऱ्याचा केक चाखणारं गिऱ्हाईक आचाऱ्याचा विश्वास उडवतं. पण त्याच हौशी मागणीमुळे हा पाव शहरातल्या डायनरपर्यंत पोहोचला, हेही खरं. उपाय रुग्णाच्या बोलण्यात आहे. ‘मला ग्लुटेन नको’ऐवजी ‘मला सिलिअ‍ॅक आजार आहे’ असं सांगितलं की मागणीचं वजन बदलतं, आणि जमत नसेल तर तसं सांगण्याची मोकळीक आचाऱ्यालाही मिळते. ‘आम्हाला खात्री देता येणार नाही’ हे उत्तर कित्येकदा हसऱ्या होकारापेक्षा जास्त मोलाचं असतं. दुसरा सल्ला असतो घरीच खाण्याचा. तो देणाऱ्याला सिलिअ‍ॅक माणसाचं आयुष्य कळलेलं नसतं. शनिवारी सकाळी मित्रमंडळी जमतात ती डायनरमध्ये. तिथे दर वेळी नुसत्या कॉफीवर बसायचं, आणि ते जन्मभर, हा दंड लहान नाही.

डायनरसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. डायनर टाळून घरचे पोहे किंवा खिचडी खाल्ली की प्रश्न मिटला, असं तिथल्या एखाद्या रुग्णाला वाटू शकतं. तांदूळ निर्धोक आहे, डाळही आहे. पण फोडणीतला डबीबंद हिंग बहुतेकदा निव्वळ हिंग नसतो. डिंकासोबत त्यात मिसळलेलं असतं ते अनेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा, आणि डबीवरच्या बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं.