ताटात डाळ, पायांत चाल

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली. खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी माणसे वणवण फिरली. त्या दिवसांत आमच्या नागरा गावातही हातावर पोट असलेल्यांनी उसनवारी करून टॉनिकच्या बाटल्या आणल्या. मी कारकून माणूस, मीही आणली. पण घरातल्या प्रत्येकाच्या ताटात डाळ किती पडते, हे मात्र कधी पाहिले नव्हते.

विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. आपला भाग धानाचा. नुसत्या भाताने पोट भरते; पण भातातील प्रथिनांत जी उणीव असते, ती डाळ भरून काढते. म्हणून वरण घट्ट असावे. जोडीला अंडे, तलावातली मासोळी, भिजवलेले चणे, मुनग्याची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, जे जमेल ते असावे. रोजच्या खर्ऱ्याचे पैसे वाचवले तरी अंडी येतात. मात्र आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भात व वरणाचे पाणी उरते. ही रीत आधी मोडली पाहिजे. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे.

दुसरी गोष्ट चालण्याची. राइस मिलमधला हमाल दिवसभर राबतो. पण विड्या वळणारी बाई आणि खुर्चीवरचा कारकून बसूनच असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ४८,४४० कोरोना रुग्णांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान १५० मिनिटे नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत बैठ्या लोकांना इस्पितळात दाखल होण्याचा आणि मृत्यूचाही धोका दुपटीहून अधिक आढळला. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून ५ दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालणे. त्याने रक्तातली साखर व वजन आटोक्यात राहण्यास मदत होते. मधुमेही आणि लठ्ठ माणसांना हा आजार जास्त जड गेला.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आहार-व्यायामाने विषाणू दाराबाहेर थांबत नाही. आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते. लशीचे काम लसच करते. अंगात ताप असताना व्यायाम करू नये, हृदयाला अपाय होऊ शकतो. धाप लागली तर काढा पीत घरी बसू नये, दवाखाना गाठावा.

बंधूंनो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आधी घरातल्या बाईच्या ताटाकडे पाहा. आणि उद्या सकाळी तिला सोबत घेऊनच चालायला निघा.