ऑसिलोस्कोप घेताना

वीज डोळ्यांना दिसत नाही. तिची लाट पडद्यावर रेखून दाखवितो तो ऑसिलोस्कोप. अंधेरी-घाटकोपरकडे घरच्या कोपऱ्यात हौसेची कार्यशाळा मांडणाऱ्याने लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला पाहावयाचे काय?

कानाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा. त्याला साधे यंत्र पुरते. चौकोनी लाटेला मात्र तिच्या कंपनसंख्येच्या निदान पाचपट बँडविड्थ हवी, नाहीतर तिचे कोपरे गोलाकार दिसतात. म्हणजे ४ मेगाहर्ट्‌झच्या लाटेस २० मेगाहर्ट्‌झचे यंत्र. वापरलेले घ्यावयाचे तर दुकानातच चालवून, त्याची कसोटीची लाट स्थिर उमटते का, हे पाहावे.

आता जिवाची गोष्ट. विजेवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत प्रोबचा काळा चिमटा थेट अर्थिंगला जोडलेला असतो. घरच्या २३० व्होल्ट विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट. चिमटा फेजला लागला की शॉर्टसर्किट ठरलेले. म्हणून काहीजण अर्थिंगची पिन काढतात. त्याने यंत्राचा पत्राच जिवंत होतो! तेथे डिफरन्शियल प्रोबच हवा. कारखान्यात सुरक्षिततेसाठी आम्ही कामगार भांडतो. घरी तीच सुरक्षितता काटकसरीपायी सोडू नये. पैसे वाचवावेत ते जादा बटणांत, अर्थिंगमध्ये नव्हेत.