नामांतराची पोरं पडद्यावर यायला हवीत

भोकरदन-जालन्याच्या कॉलेजात शिकलेल्या धावडा गावच्या पोरांच्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं नाव असतं. ते नाव लागायला 16 वर्षं गेली. 27 जुलै 1978ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंचा खून झाला. 1979मध्ये जोगेंद्र कवाडेंच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर 1993मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, आणि 14 जानेवारी 1994ला नामविस्तार झाला. या लढ्यात कॉलेजची पोरं हिरिरीने उतरली होती. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दलित पँथरचं वारं त्यांच्या अंगात होतं.

अशा पोरांकडे कॅमेऱ्याने कसं बघावं, हे आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने दाखवलं. 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, 10 जण गेले. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. पटवर्धनांनी या शाहिराचा आवाज आधीच ‘हमारा शहर’ या माहितीपटात टिपला होता. मित्राच्या मरणाचा शोध घ्यायला निघालेला हा माणूस 14 वर्षं चित्रीकरण करत राहिला.

त्या 14 वर्षांत विलास घोगरेंच्या पुढची पिढी उभी राहिली. पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे डफाच्या तालावर गाते तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे पोलिसांचा ससेमिरा लागला आणि ही पोरं भूमिगत झाली. पडद्यावर शीतलची आई बोलते. चळवळीची किंमत घरातल्या माणसाला काय पडते, ते मला तिच्या चेहऱ्यावर जितकं दिसलं तितकं कुठल्याच भाषणात ऐकलं नाही. 2013मध्ये शीतल आणि तिचा नवरा सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले, तेव्हा ती गरोदर होती.

नामांतराच्या पोरांसाठी असा धीर धरायला आता वेळ उरलेला नाही. 1978ला विशीत असलेला माणूस आज सत्तरीला टेकलाय. धावड्यापासून नांदेडपर्यंत गावोगाव जाऊन त्यांना विचारायला हवं: वस्ती पेटली त्या रात्री कुठे पळालात, भाकरी कुणी दिली, कॉलेज कुणाचं सुटलं, आणि परत आल्यावर गावाने पाणी भरू दिलं का?