वृद्धाश्रमाची घरपट्टी

नागपुरांतील सदरसारख्या जुन्या वस्तींत एखादें मोठें घर विश्वस्तांनीं वृद्धाश्रमासाठीं घेतलें, कीं महानगरपालिकेचें करदेयकही दारीं येतेंच. आणि ‘धर्मकार्यास कर कसला?’ असा प्रश्न उत्पन्न होतो. कुटुंबवत्सल वाचकांनाही तो केव्हां ना केव्हां पडणारा असल्यामुळें त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

यज्ञयागादि कर्मांस आपण ‘इष्ट’ म्हणतों; विहीर, तलाव, अन्नदान यांस ‘पूर्त’. पूर्तकार्यास पूर्वीं इनाम जमिनी मिळत, पण सनदेवांचून इनाम नसे. आजची सनद म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचें १३२ वें कलम. सार्वजनिक उपासनेसाठीं किंवा सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठींच जी वास्तु वापरांत आहे, तिला तें सर्वसाधारण करांतून वगळतें. या वाक्यांतील ‘च’ विसरूं नये. तळमजल्यावर दुकान भाड्यानें दिलें, तर तेवढा भाग निराळी मालमत्ता समजून त्यावर कर बसूं शकतो. शिवाय ही सूट सर्वसाधारण करापुरतीच आहे. पाणीपट्टी वगैरे बाबी वेगळ्या.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमांत दारिद्र्य किंवा दुःख यांचें निवारण व वैद्यकीय साहाय्य यांस धर्मादाय हेतु मानलें आहे. म्हणून विश्वस्तसंस्थेची नोंदणी ही पहिली पायरी. परंतु ती शेवटची नव्हे. दिल्ली महापालिका व चिल्ड्रन बुक ट्रस्ट यांच्या खटल्यांत, तेथील कायद्याचा विचार करतांना, सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं केवळ नोंदणीवर न थांबतां प्रत्यक्ष व्यवहार पाहिला. देणगीदारांस आयकरांत सवलत मिळते, यावरूनही घरपट्टी आपोआप माफ होत नाहीं.

अर्थात् खरी अडचण शुल्काची. ज्यांस शक्य आहे त्यांच्याकडून खर्च घेऊन निराधारांस विनामूल्य ठेवणारा आश्रम आणि केवळ सधनांसाठीं चालविलेलें वसतिगृह हीं एक नव्हेत. पण हा भेद हिशेबाच्या वहींत दिसला पाहिजे. अर्जासोबत नोंदणीपत्र, मालकीचे किंवा भाडेपट्ट्याचे कागद, कोणती खोली कशासाठीं हें दाखविणारा नकाशा, रहिवाशांची शुल्कासह नोंदवही आणि तपासलेले हिशेब जोडणें शहाणपणाचें. अर्ज झोन कार्यालयांत देऊन पोंच घ्यावी, आणि निर्णय येईपर्यंत देयकाची मुदत चुकवूं नये; अपिलाची मुदत थोड्याच दिवसांची असते.

कमलाताई होस्पेट यांच्या पुढाकारानें १९२१ मध्यें नागपुरांत स्थापन झालेल्या मातृसेवा संघानें प्रसूतिगृहापासून आरंभ केला, आणि पुढें ‘पंचवटी’ वृद्धाश्रमही चालविला. २००७ च्या केंद्रीय कायद्यांत तर दर जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांसाठीं निवास असावा अशी तरतूद आहे. जें ओझें समाजानें उचलावयाचें, तें एखादी संस्था स्वेच्छेनें उचलते, हाच सूट मागण्याचा खरा आधार.

मात्र माफ झालेला रुपया शेजारच्या करदात्यांच्या पदरीं पडतो, हेंही ध्यानांत असावें. जो आश्रम एकाही निर्धनास जागा देत नाहीं, त्यानें मुकाट्यानें कर भरावा. जो देतो, त्यानें संकोच न करतां हक्कानें अर्ज करावा.