गंज घासण्याआधी चुंबक लावून बघा

आमच्या गटातल्या एका ताईंची जुनी स्प्लेंडर आहे. नवरा गेल्यापासून त्याच गाडीवर त्या दोन वाड्यांचं दूध डेअरीला घालतात. दिवाळीच्या आधी आम्ही चौघीजणी ती गाडी चकाचक करायला बसलो. हातात काचपेपर, समोर गंजलेली गाडी. दिसेल ते घासत सुटलो. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यासुद्धा घासल्या. पंधरा दिवसांत दांडीवरून तेल ओघळायला लागलं. मेकॅनिकने सील बदलली, महिन्यात पुन्हा तेच. शेवटी दांड्याच बदलाव्या लागल्या आणि तो खर्च गटाच्या कर्जातून गेला. म्हणून आज हा विषय.

चूक काय झाली? गाडीवरची प्रत्येक चमक वेगळी असते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यासाठी एक चुंबक पुरतो. चिकटला तर खाली लोखंड आहे, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम.

हँडल, सायलेन्सर, मडगार्ड यांवर क्रोम असतो. लोखंडावर आधी निकेल, त्यावर क्रोम. हा वरचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतकासुद्धा नसतो. क्रोम स्वतः गंजत नाही. त्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी आत जातं आणि खालचं लोखंड गंज बाहेर टाकतं. तिथे काचपेपर मारला की उरलासुरला थरही जातो. डब्यात पोळ्या गुंडाळतो तो चंदेरी कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. तो क्रोमपेक्षा मऊ असतो, म्हणून गंज निघतो पण ओरखडा पडत नाही. मग पुसून, वाळवून तेलाचा हात फिरवा. क्रोमचे पापुद्रेच सुटले असतील तर घरी काही होत नाही. जुना थर काढून, बफिंग करून पुन्हा निकेल-क्रोम चढवावा लागतो. ते काम कारखान्यातच करून घ्या; त्या टाकीतला क्रोम फार विषारी असतो.

इंजिनाची झाकणं ॲल्युमिनियमची. त्यांवर कंपनीने दिलेला पारदर्शक लेप पिवळा पडून सुटतो आणि खाली पांढरी भुकटी धरते. लेप काढून ४००, मग ८००, मग १२०० नंबरचा पेपर पाणी लावून फिरवायचा, शेवटी पॉलिश. कॉस्टिक सोडा किंवा संडास धुवायचं ॲसिड मुळीच वापरू नका, ते ॲल्युमिनियमच खातं.

चेसिस, स्टँड, कॅरिअर हे रंगवलेलं लोखंड. इथे मात्र जोर लावून घासा, तारेचा ब्रशही चालतो. नाकाला फडकं आणि डोळ्याला चष्मा हवाच. धूळ पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. पाटण, महाबळेश्वरकडच्या हवेत उघडं लोखंड रात्रभरात लाल होतं. कृष्णेच्या २०१९ च्या पुरात सांगलीतल्या ज्या गाड्या बुडाल्या, त्यांना आधी आतल्या सांदीकोपऱ्यातला गाळ काढावा लागतो, नाहीतर वरून रंग आणि आतून गंज. सायलेन्सरला रंग द्यायचा तर उष्णता सोसणाराच घ्या, साधा जळतो. (साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ कुणाच्या परसात असेल, तर तिचं अंगच पत्र्याचं, तिलाही हीच रीत.)

आता त्या दांड्या. त्यांवरचा क्रोम जाड आणि कडक असतो, कारण तेलाचं सील दिवसभर त्यावरून वरखाली सरकतं. तिथे खड्डा किंवा ओरखडा असला की सील फाटतं. तेल चाकापर्यंत येतं, आणि डिस्क ब्रेकला लागलं तर ब्रेकच लागत नाही. दांडीला सीलच्या अगदी वर दोरा बांधा आणि गाडी चालवून, ब्रेक दाबून आणा. दोरा वर सरकतो तिथपर्यंत सीलची वाट. त्या वाटेच्या वर गंज असेल तर चंदेरी कागदाने पुसा. वाटेत खड्डे असतील तर हार्ड क्रोमवाल्याकडे न्या किंवा दांडी बदला, मध्ये काही करू नका. आणि डिस्कला पॉलिश, तेल, मेण काहीही लावायचं नाही.

ताईंची गाडी एवढी का गंजली, तेही सांगतो. ती गोठ्यात लावलेली असायची. जनावरांच्या मुताची वाफ, वर कॅरिअरवरून खताची पोती. युरिया आणि पोटॅश सांडून ओल धरली की लोखंडाला पाण्यापेक्षा वाईट. आता गाडी पडवीत असते, आणि पोतं उतरवलं की त्या कॅरिअरवर दोन तांबे पाणी ओततात. दूधवाटप चालू आहे, कर्जाचे चार हप्ते राहिलेत.

पुढच्या आठवड्यात चेन आणि तेलपाण्याबद्दल बोलू.