रेशीम धाग्यांची रांग आणि कंडरेची पेशी

टाचेमागे ताठ दोरीसारखी हाताला लागते ती कंडरा. स्नायूला हाडाशी जोडणारी ही ऊती कोलॅजेन प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असून तिच्या लांबट पेशी त्या तंतूंच्या रांगांमध्ये बसलेल्या असतात. रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तुटलेली कंडरा सावकाश जुळते आणि तंतूंची मूळ रांग बहुधा परत येत नाही. जोड दुबळा राहतो. तेथे पेशींना तात्पुरता आधार देणारा साचा बसवता यावा, यासाठी रेशमाचा अभ्यास चालू आहे.

साचा कशाचा, इतकाच त्याचा पृष्ठभाग कसा, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. गुळगुळीत प्लास्टिकवर वाढवलेल्या कंडरापेशी हळूहळू पसरट होतात आणि आपले मूळ गुणधर्म गमावू लागतात. त्याच पेशी सूक्ष्म खाचांवर किंवा समांतर तंतूंवर ठेवल्यास त्या दिशेने लांबट होतात. पेशी पृष्ठभागाला ठरावीक बिंदूंवर घट्ट धरते. तिच्या आतील ॲक्टिनचे धागे त्या पकडीनुसार ताणले जातात आणि केंद्रकही लांबट होते. तारेवर चढवलेला वेल तारेची दिशा धरतो, तसेच हे. मात्र वेलाचा स्वभाव बदलत नाही, पेशीचा बदलतो. समांतर तंतूंवर काही मूळपेशी कंडरेच्या दिशेने, तर अस्ताव्यस्त तंतूंवर हाडाच्या दिशेने वळल्याचे प्रयोगांत आढळले आहे. कंडरेत हाड तयार होणे हा आजारच होय.

रेशमाच्या धाग्यात फायब्रोइनचा गाभा आणि त्यावर सेरिसिनचा डिंक असतो. डिंक काढून फायब्रोइन लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवतात, क्षार वेगळे करतात आणि विद्युतदाबाच्या साहाय्याने फिरत्या पिंपावर त्याचे अतिसूक्ष्म समांतर तंतू ओढतात. धागा मुळातच विरघळवायचा असल्याने कोषातून तो अखंड उलगडण्याची गरज उरत नाही. उझी माशीने भोक पाडलेला तुतीचा कोषही तत्त्वतः चालतो.

टसरच्या फायब्रोइनमध्ये पेशींना पकड देणारा आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्लाचा क्रम निसर्गतः असतो. तुतीच्या रेशमात तो नाही. परंतु टसर कोष सहज विरघळत नाही, म्हणून संशोधक अळीच्या रेशीमग्रंथीतूनच फायब्रोइन घेतात. वैद्यकीय वापरासाठी शुद्धतेच्या कसोट्याही कठोर असतात. तेव्हा भोकाच्या कोषांना वेगळा भाव मिळेल, असे उत्पादकांना आज सांगणे घाईचे ठरेल. उझी माशीविरुद्ध संगोपनगृहाला जाळी लावण्याचा सल्ला मात्र कायम आहे.